मिरी मुंगीचा दाणा आणि खुर्चीचा बूट

एक होती मुंगी. काळी काळी, गोल गोल. मिरीच्या दाण्याएवढी. म्हणून तिचं नाव मिरी.
आणि स्वभाव? तोही मिरीसारखाच. जरा काही झालं की झणझणीत!

मिरी राहायची जुईच्या घरात. खिडकीच्या फटीत. त्या घराची जमीन होती मायक्रोसिमेंटची. करडी करडी. गुळगुळीत. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळी एकसंध. मध्ये सांधा नाही, भेग नाही. जणू परातीत लावलेलं दही!
मिरीला ती जमीन फार आवडायची. कुठे अडखळायचं नाही. कुठे ठेचकाळायचं नाही. तुरुतुरु तुरुतुरु, सरळ घरी.

एक दिवस मिरीला सापडला शेंगदाणा. अख्खा नाही हं, अर्धा. पण भाजलेला. खमंग! मिरीने तो तोंडात धरला. निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

तिथेच होती खुर्ची. खुर्चीत बसली होती जुई. जुईच्या हातात लिंबाचं सरबत.
खुर्ची हलली. डुग डुग डुग!
खुर्चीचा पाय घासला. खर्रर्र!
पेला कलंडला. भस्सकन!
सरबत सांडलं. पसरत पसरत आलं. मिरी पळाली, दाणा सुटला. दाणा बसला सरबताच्या मधोमध.

"अगं बाई! माझा दाणा!"
मिरीने पाय आपटले. टप टप टप टप टप टप! सहाच्या सहा. तिच्या मिशा थरथरल्या. फुर्र फुर्र!

मिरी जमिनीला म्हणाली, "जमीनमावशी, जमीनमावशी, माझा दाणा सोड ना!"
जमीन म्हणाली, "नाही सोडत, जा! लिंबू मला झोंबतंय. चुर्रर्र चुर्रर्र! असंच राहिलं तर डाग पडेल. कायमचा! फडकं मला पुसेल, तर मी दाणा सोडेन."

मिरी गेली फडक्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु. फडकं दांडीवर लोंबत होतं. मऊ मऊ, सुती सुती.
"फडकेदादा, फडकेदादा, जमीन पुसा ना!
जमीन दाणा सोडेना.
दाणा माझा, तोरा यांचा! हा कुठला न्याय?"
फडकं म्हणालं, "नाही पुसत, जा! मी कोरडं ठणठणीत. कोरड्याने चिकट निघतं का? बादली मला भिजवेल, तर मी जमीन पुसेन."

मिरी गेली बादलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु. बादली पाण्याने भरलेली. डुबुक डुबुक.
"बादलीताई, बादलीताई, फडकं भिजव ना!
फडकं जमीन पुसेना.
जमीन दाणा सोडेना.
दाणा माझा, तोरा यांचा! हा कुठला न्याय?"
बादली म्हणाली, "नाही भिजवत, जा! सरबतात साखर. नुसत्या पाण्याने साखर पसरेल. साबण माझ्यात उतरेल, तर मी फडकं भिजवेन."

मिरी गेली साबणाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. साबण होता बाटलीत. बाटली होती उंच फळीवर. जमिनीसाठी आणलेला सौम्य साबण. त्याचा आवाजही सौम्य.
"साबणकाका, साबणकाका, बादलीत उतरा ना!
बादली फडकं भिजवेना.
फडकं जमीन पुसेना.
जमीन दाणा सोडेना.
दाणा माझा, तोरा यांचा! हा कुठला न्याय?"
साबण म्हणाला, "कसा उतरू बाळ? मला ना पाय, ना पंख. बाबा मला खाली काढतील, तर मी बादलीत उतरेन."

तेवढ्यात फळीखालून कुणीतरी बोललं.
"मी येते की! मला नको बाबा, नको बादली. मी एकटीच बास!"
ती होती ॲसिडची बाटली. डोक्यावर लाल टोपण. तिच्याशेजारी तारेची घासणी. ती म्हणाली, "मीपण येते! खरखर खरखर! असं घाशीन, असं घाशीन!"

मिरी थबकली. आत्तापर्यंत सगळे म्हणाले, जा. या दोघी म्हणतात, येतो! मिरीला वाटलं, म्हणावं का चला?
मग तिला एकदम आठवलं. बाथरूमच्या दारापाशी जमिनीवर एक ठिगळ होतं. पांढरं. खरबरीत. तिथे मिरीचा पाय रोज अडकायचा.
मिरीने विचारलं, "ते ठिगळ कुणी केलं गं?"
"मीच केलं!" बाटली ऐटीत म्हणाली. "एका थेंबात! फस्सऽऽ!"
"आणि मी घासलं!" घासणी म्हणाली. "खरखर खरखर!"

मग काय! मिरीच्या मिशा ताठ उभ्या. फुर्र फुर्र फुर्र!
"जमीनमावशीचं कातडं सोलता? आणि वर ऐट करता? नको मला तुम्ही! दाणा अडला तरी चालेल. खबरदार, माझ्या जमिनीला हात लावाल तर!"
बाटली सरकली मागे. घासणी लपली तिच्याआड.

मिरी गेली बाबांकडे. तुरुतुरु तुरुतुरु. बाबा गॅलरीत उभे. कानाला फोन. हो हो, हो हो, चालू होतं त्यांचं. मिरी त्यांच्या चपलेवर चढली.
"बाबा, बाबा, साबण काढा ना!
साबण बादलीत उतरेना.
बादली फडकं भिजवेना.
फडकं जमीन पुसेना.
जमीन दाणा सोडेना.
दाणा माझा, तोरा यांचा! हा कुठला न्याय?"
बाबा म्हणाले, "थांब गं मुंगीबाई! बघतेस ना, मी कामात आहे. सरबत कुणाचं? जुईचं. मग जुई येऊन सांगेल, तर मी साबण काढेन."
आणि परत हो हो, हो हो.

मिरी गेली जुईकडे. तुरुतुरु तुरुतुरु. जुई खुर्चीतच बसलेली. पाय वर घेतलेले. गाल फुगलेले.
"जुई, जुई, बाबांना सांग ना!
बाबा साबण काढेनात.
साबण बादलीत उतरेना.
बादली फडकं भिजवेना.
फडकं जमीन पुसेना.
जमीन दाणा सोडेना.
दाणा माझा, तोरा यांचा! हा कुठला न्याय?"
जुई म्हणाली, "नाही सांगत, जा! बाबा म्हणतील, जुईने सांडलं. मी नाही सांडलं! खुर्चीने हलवलं! अजून हलवतेय. मी उतरू कशी? खुर्ची नीट उभी राहील, तर मी बाबांना सांगेन."

मिरी गेली खुर्चीच्या पायाशी. लांब कशाला जायचं? तिथेच तर होता.
"खुर्चीकाकू, खुर्चीकाकू, नीट उभ्या राहा ना!
जुई बाबांना सांगेना.
बाबा साबण काढेनात.
साबण बादलीत उतरेना.
बादली फडकं भिजवेना.
फडकं जमीन पुसेना.
जमीन दाणा सोडेना.
दाणा माझा, तोरा यांचा! हा कुठला न्याय?"
खुर्ची म्हणाली, "नाही राहत, जा! माझे पाय बघ. हा बूट, हा बूट, हा बूट. आणि हा? हा अनवाणी! मऊ लोकरीचा बूट होता माझा. निसटला आणि गेला सोफ्याखाली. तेव्हापासून मी डुगडुगते. अनवाणी पाय घासतो, जमिनीला ओरखडे पडतात. सगळे मलाच रागावतात! बूट माझ्या पायात येईल, तर मी नीट उभी राहीन."

मिरी गेली सोफ्याखाली. तुरुतुरु तुरुतुरु. तिथे अंधार. तिथे धूळ. धुळीत पडला होता बूट. चपटा, गोल, एवढुस्सा. आठ आण्याएवढा!
"बूटबाळा, बूटबाळा, खुर्चीच्या पायात ये ना!
खुर्ची नीट राहीना.
जुई बाबांना सांगेना.
बाबा साबण काढेनात.
साबण बादलीत उतरेना.
बादली फडकं भिजवेना.
फडकं जमीन पुसेना.
जमीन दाणा सोडेना.
दाणा माझा, तोरा यांचा! हा कुठला न्याय?"

बूट म्हणाला, "नाही येत, जा! मी इथे कधीचा पडलोय. कुणी शोधलं मला? कुणी हाक मारली? झाडू येतो, मला आणखी आत ढकलतो. सगळे वर वर बघतात. खाली कुणी बघतच नाही!"

मिरी बुटाशेजारी टेकली. तीही खालीच असायची ना! तिलाही कुणी बघायचं नाही. सरबत सांडलं, तेव्हा कुणी म्हटलं का, मिरी, बाजूला हो?
मिरी म्हणाली, "खरंय रे तुझं. अगदी खरंय. पण मी आले ना! मी शोधलं ना! मी हाक मारतेय ना! आणि ऐक. तू नाहीस, म्हणून सगळं घर अडलंय. एवढं मोठं घर! एवढ्याशा तुझ्यावाचून!"
"माझ्यावाचून?" बूट म्हणाला.
"तुझ्यावाचून!"
बूट जरासा फुगला. धूळ झटकली. म्हणाला, "मग येतो. पण मला चालता येत नाही."
"मी ओढते!"

मिरीने ओढलं. हुं! हुं! हुं!
बूट हलेना. तसूभरही हलेना.
मिरी गेली खिडकीच्या फटीपाशी. ओरडली, "या गं सगळ्या! या रे सगळे!"
फटीतून निघाली रांग. मुंगीमागे मुंगी. मुंगीमागे मुंगी. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! सगळ्यांच्या मिशा ताठ. मिरीचा दाणा अडवता म्हणजे काय!
सगळ्यांनी बूट धरला. ओढा! हुं! ओढा! हुं! ओढाऽऽ!
बूट सरकला. सर्रर्र सर्रर्र! सोफ्याखालून बाहेर. थेट खुर्चीपाशी.

खुर्चीने पाय उचलला.
बूट पायात बसला. चप्प!
खुर्ची नीट उभी राहिली. आता ना डुग डुग, ना खर्रर्र.
जुई उतरली. टुणकन! आणि धावली बाबांकडे. "बाबा, सरबत सांडलं. खुर्ची हलली म्हणून सांडलं. पण... पेला माझ्या हातात होता."
बाबांनी फोन खाली ठेवला. "सांडलं तर सांडलं, जुई. पुसून टाकू. पण लिंबू होतं ना? ते लगेच पुसायला हवं होतं. मुंगी सांगत होती, मीच ऐकलं नाही. चुकलो."
"हो! चुकलात!" मिरी ओरडली.

बाबांनी साबण काढला.
साबण बादलीत उतरला. टुपुक! जास्त नाही, थोडासा.
बादलीने फडकं भिजवलं. बुडुक बुडुक!
जुईने फडकं पिळलं. पिच्च पिच्च!
फडक्याने जमीन पुसली. हळू हळू. गोल गोल. घसाघसा नाही हं! सुळ्ळ सुळ्ळ. दाण्यापाशी आलं, तेव्हा फडकं थांबलं. दाण्याभोवतीने वळून गेलं.
मग बाबांनी आणलं कोरडं फडकं. पाणी टिपलं. टिप टिप टिप.

जमीन म्हणाली, "हाऽऽश! आता झोंबत नाही." एक डाग राहिला होता. पुसटसा. तिळाएवढा. जमीन म्हणाली, "असू दे. थोडक्यात निभावलं."
आणि जमिनीने दाणा सोडला. सुट्ट!

मिरीने दाणा चाटून बघितला. वरून आंबट. मग गोड. मग आतून खमंग!
जुई जमिनीवर पालथी झोपली. नाक मिरीच्या नाकाशी.
"मिरी, सॉरी गं."
मिरीने मिशा फिरवल्या. या बाजूने, त्या बाजूने. राग अजून थोडा होता. चिमूटभर.
"ठीक आहे," मिरी म्हणाली. "पण खाली बघत जा! खाली आम्ही असतो!"

मग सगळ्या मुंग्यांनी दाणा उचलला. हुं! आणि निघाली वरात. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु.

मुंग्या गेल्या फटीत,
दाणा गेला पोटात,
आणि आपली गोष्ट शिरली पांघरुणात!