सोनेरी वर्ख

आभाळात दुर्बिणी सोडायला माणूस नुकता शिकला होता, तेव्हाची गोष्ट. भिवाजी पांचाळ नावाचा कारागीर उपग्रहांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करायचा. त्यांना लागणारा सोनेरी वर्ख सहज मिळत नसे. म्हणून वरचा खरा उपग्रह बंद पडला, की भिवाजी त्याच्या प्रतिकृतीवरचा वर्ख चिमट्याने सोलायचा आणि नव्या प्रतिकृतीला चढवायचा.

असाच एका म्हाताऱ्या उपग्रहाचा वर्ख सोलून एका दुर्बिणीची नवी प्रतिकृती सजली. उघडा लाकडी सांगाडा तिच्याशेजारी फळीवर आला.

"पोरी, जरा अलीकडे सरकतेस? गार लागतंय गं," तो म्हणाला.

"तुमचा वरचा मेला, आता कसली कुरकुर?" दुर्बीण ठसक्यात म्हणाली आणि स्वतःच्या आरशात आपलं सोनं निरखत बसली.

पुढे एके दिवशी रेडिओवर बातमी आली. वरची दुर्बीण कायमची बंद पडली होती. भिवाजीने सुस्कारा टाकला आणि चिमटा हातात घेतला. टेबलावर एक नवा उपग्रह वर्खाची वाट पाहत होता.

दुर्बीण सांगाड्याकडे वळली. "आजोबा," तिने सांगाड्याला विचारलं, "फार दुखतं का हो?"

"मी ओरडलो होतो, पोरी. तुला ऐकू नाही आलं?"

चिमट्याने वर्खाचा कोपरा धरला. दुर्बीण जिवाच्या आकांताने ओरडली.

टेबलावरचा नवा उपग्रह समोरच्या काचेत आपलं रूप न्याहाळत होता.