‘क’ गटातली जोडी

“सर, मग मी ‘क’ गटातच का?”

प्रमिलाबाई शिरगुप्पे हे तिसऱ्यांदा विचारत होत्या. मुजावर सर तिसऱ्यांदाही पत्तेच पिसत राहिले.

मिरजेच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना सतारी तयार होतात. समोरच्या दारात भोपळे वाळत पडलेले, आत कुणीतरी तार लावत बसलेलं, आणि या ओट्यावर ऐंशी वर्षांचे सर. हायस्कुलात गणित शिकवून झाल्यावर त्यांनी गावाला ब्रिज शिकवायला घेतलं. गावातले निम्मे पट्टीचे खेळाडू त्यांच्या हाताखालून गेले होते.

प्रमिलाबाई त्यांच्याकडे तीन वर्षं येत होत्या. त्याआधी अठ्ठावीस वर्षं त्या ब्रिजच्या टेबलापाशीच होत्या… पण उभ्या, चहाचा ट्रे घेऊन. टेबल घरचंच होतं. दर गुरुवारी त्यांचे यजमान अण्णासाहेब तीन मित्रांना जमवून बसायचे. भजी बाईंनी तळायची, एक्के अण्णासाहेबांनी टाकायचे, असा रिवाज.

आता सांगलीची स्पर्धा तोंडावर आली होती. फॉर्मवर तीन गट. ज्यांच्या नावावर स्पर्धांत मिळवलेल्या मास्टर पॉइंटांची रास, ते ‘अ’. मधले ‘ब’. नवशिके ‘क’.

“हे काल काय म्हणाले, माहीत आहे? ‘क’ गट म्हणजे बालवाडी. जाताना डबा घेऊन जा म्हणाले.”

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

“आणि ‘अ’ गटातल्या हत्तरगींचा निरोप आलाय. त्यांच्या जोडीदाराचा गुडघा धरलाय, तर मला घेऊन खेळतो म्हणतात. जोडीत जो जास्त अनुभवी, त्याचे पॉइंट धरतात. म्हणजे मी थेट ‘अ’ गटात, ह्यांच्या मांडीला मांडी लावून.”

“हं.”

“एकदा तरी त्यांच्या पंक्तीत बसायचंय मला. वाढपी म्हणून नाही.”

सरांनी पत्ते खाली ठेवले.

“सरोजताईंना सांगितलंत?”

नव्हतं सांगितलं. सरोज भोरे म्हणजे निवृत्त नर्स आणि बाईंची खेळातली जोडीदार. दोघी एकाच दिवशी या ओट्यावर आल्या होत्या, इस्पिक कुठलं आणि किलवर कुठलं इथपासून. सरोजताईंचा खेळ संथ. प्रत्येक पत्ता टाकण्याआधी बोटांची पेरं मोजायची त्यांची सवय. प्रमिलाबाईंना अलीकडे त्या सवयीचा कंटाळा यायला लागला होता.

“तिला काय, दुसरं कुणीतरी मिळेल,” बाई म्हणाल्या. म्हणताना नजर मात्र समोरच्या भोपळ्यांवर होती.

सर उठले. आत गेले. फडताळाचा आवाज आला. बाहेर आले ते स्टीलचे तीन रिकामे डबे घेऊन. एक लहान, एक मधला, एक मोठा.

“हे एकात एक घाला बघू.”

बाईंनी घातले. लहान मधल्यात, मधला मोठ्यात.

“काढा. आता मोठा लहानात घाला.”

“तो कसा जाईल, सर?”

“नाही ना जात…” सरांनी डबे उचलले. “चहा टाकू?”

प्रमिलाबाई चहा न घेताच निघाल्या. त्यांना राग आला होता. विचारलं काय आणि डबे काय दाखवतात! वय झालं की माणूस असंच करायला लागतं, असं त्या वाटभर स्वतःला बजावत होत्या.

पण ‘सरोजताईंना सांगितलंत?’ हे काही डोक्यातून जाईना. घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला. सरोजचा नंबर काढला, आणि तिला हे कुठल्या तोंडानं सांगायचं ते सुचेना. आपण ट्रे घेऊन उभ्या असायचो तेव्हा आपल्याला कुणी विचारत नव्हतं. आज आपणही कुणाला न विचारता निघालो होतो. बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी हत्तरगींना नाही म्हणून कळवलं. फॉर्मवर लिहिलं : शिरगुप्पे–भोरे, ‘क’.

सांगलीचा हॉल भरला होता. गट तीन, पण हॉल एकच, आणि पत्तेही सगळ्यांना तेच. एका टेबलावर खेळलेला डाव पाकिटात घालून जसाच्या तसा पुढच्या टेबलावर जायचा. ‘अ’ची जोडी ‘क’समोर येऊन बसायची, उठायची, पुढे जायची. वाईट पत्ते आले म्हणून कुरकुरायची सोयच नव्हती.

शेवटच्या फेरीला समोर येऊन बसले अण्णासाहेब आणि त्यांचा गुरुवारचा मित्र.

“काय, डबा संपला का?” अण्णासाहेब म्हणाले.

“थोडा ठेवलाय तुमच्यासाठी,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

बोली सरोजताईंची लागली. बिनहुकमी डाव, म्हणजे उतारीच्या रंगाचाच मोठा पत्ता हात जिंकणार; तेरापैकी नऊ हात करायचे. जोडीदार म्हणून प्रमिलाबाईंनी आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले. आता त्या डमी. डमीनं बोलायचं नाही, सुचवायचं नाही, भुवईही हलवायची नाही. जोडीदार मागेल तो पत्ता पुढे सरकवायचा, बस्स.

म्हणजे पुन्हा तेच. टेबल तेच, माणसं तीच, आणि आपण मुक्या… बाईंच्या मनात येऊन गेलं.

त्यांच्या उघड्या पत्त्यांत कडेला किलवरची दुर्री होती. सगळ्यांना दिसत होती. पण दुर्रीकडे कोण बघतं? सातव्या हाताला अण्णासाहेबांनी आपला इस्पिकचा राजा जपला आणि किलवरचा नव्वा बेफिकीरपणे टाकून दिला.

प्रमिलाबाईंनी मनातल्या मनात किलवर मोजले. तो बाहेर उरलेला शेवटचा किलवर होता. निदान त्यांच्या हिशोबानं तरी. सरोजनं पाहिलं का? सांगायची चोरी. त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले.

हात जात राहिले. शेवटी दोनच उरले. सरोजताईंचे सात झाले होते, दोन्ही हवे होते. त्यांनी डमीकडून बदामाचा एक्का मागितला. आठ.

आता प्रमिलाबाईंसमोर एकच पत्ता, सरोजताईंनी इतका वेळ जपून ठेवलेली दुर्री. अण्णासाहेब हातातला राजा घेऊन खुर्चीत रेलले होते.

सरोजताई थांबल्या नाहीत. पेरं त्यांची केव्हाच मोजून झाली होती. तीस वर्षं पेशंटच्या नाड्या मोजलेली बाई ती, तेरा किलवर तिच्या हातून कसे निसटणार?

“किलवर,” त्या म्हणाल्या.

प्रमिलाबाईंनी आपल्या हातानं आपली दुर्री टेबलाच्या मधोमध नेऊन ठेवली. मित्राकडे किलवर नव्हता. अण्णासाहेबांनी राजाकडे पाहिलं, दुर्रीकडे पाहिलं, पुन्हा राजाकडे पाहिलं. मग राजा तिच्या पायाशी टाकला.

नऊ.

“हा नव्वा…” अण्णासाहेब म्हणाले.

निकाल भिंतीवर लागला तेव्हा प्रमिलाबाई खालून वाचायला लागल्या. ‘क’ गट, पहिला क्रमांक : शिरगुप्पे–भोरे. सरोजताईंनी त्यांचा दंड पकडला. “अगं, वर बघ.” ‘ब’ गट, पहिला क्रमांक : शिरगुप्पे–भोरे.

“हे चुकून लागलंय,” बाई म्हणाल्या.

“चुकून नाही,” शेजारी उभ्या असलेल्या पंचांनी सांगितलं. “खालच्या गटाची जोडी वरच्या गटांतही धरतात. वरच्यांना खाली धरत नाहीत. अजून वर बघा.”

‘अ’ गट, दुसरा क्रमांक : शिरगुप्पे–भोरे.

आणि पाचव्या क्रमांकावर दुसरे शिरगुप्पे. पूर्ण कागदावर फक्त तिथंच.

प्रमिलाबाईंना एकदम ते डबे दिसले. लहान मधल्यात, मधला मोठ्यात… भर हॉलमध्ये त्या खदखदून हसल्या. इतक्या, की डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. असा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

मागून कुणीतरी खाकरलं. अण्णासाहेब होते. दोन्ही हातांत चहाचे दोन कप.

“घ्या,” ते म्हणाले. “सरोजताई, तुम्हीही घ्या. साखर बेताचीच घातलीय.”

अठ्ठावीस अधिक तीन वर्षांत असा चहा पहिल्यांदाच आला. प्रमिलाबाईंनी तो उभ्यानं घेतला नाही. खुर्ची ओढली, बसल्या आणि सावकाश प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी जणी पेढे आणि निकालाचा कागद घेऊन सरांच्या ओट्यावर हजर. समोर भोपळे तसेच वाळत होते. सरांनी चष्मा लावून कागद खालून वर वाचला, मग वरून खाली.

“सर, अजून एक,” प्रमिलाबाईंना दम धरवत नव्हता. “पंचांनी पॉइंट लावून दिले. पुढच्या वर्षीपासून आम्ही ‘क’मध्ये नाही. थेट ‘ब’!”

सरांनी पेढा तोंडात टाकला. कागदाची नीट घडी केली आणि परत दिली.

“अरेरे,” ते म्हणाले. “म्हणजे आता नाव दोनदाच लागणार.”