रिकाम्या रकान्याचे गुण

गुळवणी सरांचा ऑनलाइन वर्ग म्हणजे दरबारच. डेटाबेस शिकवता शिकवता ते कधी कुणाची टोपी उडवतील, नेम नसे.

तोंडी परीक्षेला देवरुखची उज्ज्वला माळ्यावर चढून बसली, कारण घरात रेंज तेवढी तिथेच यायची. शेवटच्या प्रश्नावर तिचं पास-नापास अडलं होतं. सरांनी विचारलं, "तक्त्यातला रिकामा रकाना आणि शून्य, यात फरक काय?"

ती तोंड उघडते तोच रेंज गेली. धडपडत परत जोडली गेली, तर सर म्हणाले, "उत्तर आलं नाही, शून्य दिलंय. चला, पुढचा!"

उज्ज्वलाने घाईघाईने विचारलं, "सर, माझं उत्तर बरोबर होतं की चूक?"

"मला काय माहीत? ऐकूच आलं नाही."

"माहीत नसेल तिथे रकाना रिकामा ठेवतात, सर. शून्य ही माहीत असलेली किंमत. तुम्ही तर शून्य लिहिलंत. म्हणजे हा फरक आपल्या दोघांपैकी एकालाच कळलाय."

सरांच्या मिशा आधी थरथरल्या, मग त्यांच्याआडून हसू फुटलं.

"थांब पोरी, पुन्हा रेंज जायच्या आत पैकीच्या पैकी लिहू दे!"