माया सोडून कापलेला सदरा

शेवंतीकडे दोनच झगे होते. एक अंगावर, एक दोरीवर. पावसाळ्यात दोरीवरचा वाळत नसे, तेव्हा ती ओलाच घालत असे. ती बारा वर्षांची होती आणि आईबरोबर डोंगराखालच्या दवाखान्याचे कपडे धूत असे. चादरी, अभ्रे, फडकी आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे पोशाख. दवाखान्यामागच्या बागेत पांढऱ्याशुभ्र तगरीच्या झुडपांमधून दोऱ्या बांधल्या होत्या. वारा आला की हिरव्या बाह्या हलत आणि शेवंतीला वाटे, त्या आपल्यालाच बोलावताहेत.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई दर वर्षी एका मुलीला हाताशी घेऊन शिकवत. एकच मुलगी आणि वय बरोबर बारा. पुढच्या वर्षी शेवंतीला कुणी विचारणार नव्हतं. सोमवारी सकाळी आठ वाजता स्वतःच्या हातानं शिवलेला हिरवा पोशाख घालून यायचं, एवढीच अट होती. सदरा, नाडीची विजार आणि छातीवर एक खिसा. बटण नको, कारण बटण तुटून जखमेत पडलं तर?

"जिला कापड शिवता येत नाही, तिच्या हाती मी माणूस कसा देऊ?" बाई म्हणत.

शुक्रवारी आईला दवाखान्यातून मोडीत काढलेली एक विटकी हिरवी चादर मिळाली. "एवढीच आहे हं," आई म्हणाली. "चुकलीस तर दुसरी नाही."

"मला सुईत दोरा ओवता येतो."

"तेवढ्यावर पोशाख होतो होय?" आई हसली. "आधी उकळत्या पाण्यातून काढ. आटायचं ते कापायच्या आधीच आटू दे."

चादर वाळल्यावर शेवंती गणबा शिंप्याकडे गेली. लगीनसराई होती. गणबाकाकांच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे ते दातांतल्या दातांत बोलत होते. "अंगातला झगा कापडावर ठेव, भोवती खडूची रेघ मार आणि माया सोडून काप. हो बाजूला, उजेड अडवू नकोस."

दुकानात हलवायाची रत्नमाला उभी होती. तीही बाराची, तीही सोमवारी जाणार होती. तिच्या हातात नवं कोरं पोपटी कापड होतं.

"चादरीचा सदरा?" ती म्हणाली. "शिकायला येणार आहेस की झोपायला?"

"आधी शिकेन, मग झोपेन," शेवंती म्हणाली आणि घरी गेली.

शनिवारी सकाळी ती तगरीच्या सावलीत बसली. रेघा नीट मारल्या. कात्री हळू चालवली. पण गळा कापताना कापडाची घडी दुहेरी आहे हे ती विसरली आणि गळा एवढा मोठा झाला की त्यातून दोन शेवंत्या बाहेर आल्या असत्या. तिच्या डोळ्यांतून एक थेंब तगरीच्या फुलावर पडला.

फूल थरथरलं. त्यातून एक इवलीशी परी बाहेर आली. बोटाएवढी. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ आणि गुलाबी होते. डोक्यावर शिंप्याचं चांदीचं टोपण होतं, सुई बोटात रुतू नये म्हणून घालतात ते. हातात केसाएवढा बारीक सोनेरी आकडा होता.

"मी उसवणपरी," ती म्हणाली. "मला शिवता येत नाही, फक्त उसवता येतं, टाका असो की कात्रीचा काप. तुला तीन इच्छा देते. एका इच्छेला एक चूक. पण मी चूक दाखवणार नाही, ती तू शोधायचीस. आणि जिची चूक तिनं ती स्वतःच्या तोंडानं सांगायची. नाहीतर माझा आकडा चालत नाही."

"गळा मी घडी न बघता कापला," शेवंती म्हणाली.

परीनं आकडा फिरवला. चमचम झाली आणि गळ्याचं कापड जिथल्या तिथे जुळलं.

शेवंतीनं पुन्हा कापलं, या वेळी बरोबर. मग तिनं खिसा लावला. संध्याकाळी पाहते तर खिशाचं तोंड खाली! घाईघाईनं तिनं दुसरी इच्छा मागितली. परीनं खिसा उसवला आणि हळूच म्हणाली, "हे तुला सुईच्या टोकानंही उसवता आलं असतं गं. इच्छा कात्रीच्या चुकीसाठी ठेवावी."

शेवंतीनं मान हलवली. ती चूक तिनं परत केली नाही.

रविवारी दुपारपर्यंत विजार झाली. सदऱ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक उलटी टीप घालून झाली. तिनं सदरा अंगात घातला आणि हात वर करायला गेली. हात खांद्याच्या वर जाईनात. सदरा इतका घट्ट होता की श्वासही अर्धाच घेता येत होता.

"असं कसं?" ती परीला म्हणाली. "काका म्हणाले, माया सोडून काप. म्हणून मी माया सोडली आणि बरोबर रेघेवर कापलं."

परी इतकी हसली की तिच्या पंखांतून चांदणं सांडलं. "अगं वेडे, माया टाकून द्यायची नसते! रेघेच्या बाहेर दोन बोटं कापड राखायचं. ते शिवणीच्या आत जातं. कुणाला दिसत नाही, पण त्यामुळेच कपडा अंगाला बसतो. शिंपी त्यालाच माया म्हणतात."

"मग राखून काप म्हणायचं ना! सोडून काय?"

तिसरी इच्छा शिल्लक होती. सगळं कापड परत मिळालं असतं आणि दिवेलागणीपर्यंत कसंबसं शिवूनही झालं असतं. शेवंतीनं तोंड उघडलं, तेवढ्यात दोऱ्यांमधून रत्नमाला आली. डोळे लाल, काखेत पोपटी कापडाचं गाठोडं.

"शेवंते, तुझ्या आईकडे आणखी एखादी जुनी चादर आहे का गं? विजारीचे दोन्ही पाय एकाच बाजूचे कापले गेले. दुकान आज बंद आहे."

"चादर नाही," शेवंती म्हणाली. तिनं परीकडे पाहिलं, आपल्या सदऱ्याकडे पाहिलं. जागा एकच होती. मग ती म्हणाली, "पण माझी एक इच्छा आहे. ती हिला दे."

"पक्कं?" परीनं विचारलं. "तुझे हात वर होत नाहीयेत."

"माझा सदरा घट्ट का होईना, अंगात तरी जातो. तिची विजार घालताच येणार नाही."

परी रत्नमालेकडे वळली. "सांग, चूक काय?"

"कात्रीच वाकडी होती." काहीच झालं नाही.

"आमच्या धाकटीनं कापड हलवलं." आकडा तसाच.

रत्नमालेनं नाक पुसलं. "मी गप्पा मारत कापलं. कापडाची सुलटी बाजू कुठली, ते पाहिलंच नाही."

चमचम झाली.

रत्नमालेनं पाय पुन्हा कापले, आता न बोलता. मग तिनं शेवंतीला हात वर करायला लावले. "अगं, हा सदरा आहे की उशीचा अभ्रा? थांब जरा." तिनं स्वतःचा सदरा उलटा केला. बाजूच्या शिवणीत सहा-सहा बोटं माया होती. "आई म्हणाली, वाढतं अंग आहे, भरपूर सोड. मला दोन बोटं पुरे."

तिनं चार बोटं रुंदीच्या दोन लांब पट्ट्या कापल्या. शेवंतीनं आपल्या सदऱ्याच्या बाजू सुईच्या टोकानं उसवल्या आणि तिथे त्या पट्ट्या बसवायला घेतल्या. उजवी बाजू शेवंतीनं शिवली, डावी रत्नमालेनं. मग रत्नमालेच्या विजारीचा एकेक पाय दोघींनी वाटून घेतला.

"पण स्वतःच्या हातानं शिवायचा होता ना?" रत्नमालेनं दोरा तोडताना विचारलं.

"विचारलं तर खरं सांगू," शेवंती म्हणाली.

सोमवारी सात मुली आल्या. बाईंनी कुणाचा गळा पाहिला नाही, खिसा पाहिला नाही. त्या म्हणाल्या, "हात वर करा. दिवा धरल्यासारखे. आता वाका."

टर्र! टर्र! पाच सदरे काखेत फाटले. त्याही गणबाकाकांचं ऐकून माया टाकून बसल्या होत्या. शेवंती आणि रत्नमाला वाकल्या, उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"विटक्या हिरव्यात ही पोपटी पट्टी कुठून आली?" बाईंनी विचारलं.

"रत्नमालेच्या मायेतून," शेवंती म्हणाली. "बाई, ही उजवी बाजू माझी, डावी तिनं शिवलीय. तिच्या विजारीचा एक पाय मी शिवलाय. आम्ही अट मोडली."

बाईंनी चष्मा चढवला, सदऱ्याच्या दोन्ही बाजू उलटून टाके मोजले. "इकडे इंचाला बारा, तिकडेही बारा," त्या म्हणाल्या. "अट मोडलीत खरी. पण यातली एक ठेवायची तर मला शिवण उसवावी लागेल. आणि इतकी चांगली शिवण मी उसवत नसते. हात धुवा दोघींनी. कोपरापर्यंत."

खिडकीत परी बसली होती. तिनं आपला सोनेरी आकडा त्या पोपटी पट्टीच्या टाक्यांत घालून पाहिला. एकही टाका हलला नाही.

"हे माझ्याच्यानं होणार नाही," ती शेवंतीच्या कानाशी म्हणाली. मग ती उजळत गेली, तगरीच्या फुलाएवढी, मग दिव्याएवढी, आणि सकाळच्या उन्हात मिसळून दिसेनाशी झाली.

अजूनही त्या दवाखान्यातल्या हिरव्या सदऱ्यांना दोन्ही बाजूंना पोपटी पट्टी असते. का असते, ते तुम्हाला आता ठाऊक आहे. म्हणून इथे गाठ मारली आणि दोरा तोडला.