कड्याच्या खांबावरचं काटेफूल

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. मोजणारे कधीच गेले. ऐकता ऐकता कुणाचा डोळा लागला तरी माझी तक्रार नाही. ही गोष्ट अर्धवट झोपेतसुद्धा समजते.

एका उंच डोंगराच्या माचीवर धुक्याचं गाव होतं. सकाळी धुकं, दुपारी धुकं, ताटातल्या आमटीच्या वाफेतही धुकंच. हात लांब केला तर आपलीच बोटं दिसायची नाहीत. घरं एकमेकांपासून इतकी लांब, की एका घरची हाक दुसऱ्या घरी पोचायच्या आत विरून जाई. ऊन नव्हतं, म्हणून फूल औषधालाही उगवत नसे.

मग माणसं आपलं घर शोधायची कशी? तर बोटांनी. माचीवर एकच वाट होती आणि तिला घराघराचे फाटे फुटत. प्रत्येक फाट्यावर एक लाकडी खांब आणि खांबावर त्या घरच्या बायकांनी घरी केलेलं कागदाचं फूल. जाड कागद कापायचा, चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचा, फुलाला जवसाचं तेल पाजायचं आणि तीन दिवस चुलीवर टांगून ठेवायचं, म्हणजे धुक्याने त्याचा लगदा होत नाही. कुणाच्या पाकळ्या गोल, कुणाच्या दातेरी, कुणाच्या चुण्या घातलेल्या. वाटसरू खांब चाचपायचा आणि म्हणायचा, हे तांबटाचं घर, म्हणजे आपलं याच्या पुढचं.

शेवटून दुसरा खांब मात्र कोणत्याच घराचा नव्हता. पूर्वी तिथं एक घर होतं. ते एकदा दरडीबरोबर खाली गेलं आणि वाट तेवढी मागे राहिली. दहा पावलं चाललं की कडा. त्या खांबावर काटेफूल असे. त्याला पाकळी एकही नाही, नुसत्या कागदाच्या टोकदार सुरळ्या, हात लावला की टोचणाऱ्या. शेवटच्या खांबाचं घर म्हाळसाबाईचं, आणि काटेफूल करायचा मानही पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराचा.

त्या घरात शेवंता सून म्हणून आली. ती खालच्या सपाटीवरची, खऱ्या फुलांच्या गावातली. तिच्या बोटांत काय जादू होती म्हणून सांगू! पाकळी सुईवर अशी वळवायची, की कागद आत्ताच उमललाय असं वाटावं. नवरा राजाच्या कामावर दूर गेलेला, म्हणून घरात तिघंच होती, ती, म्हाळसाबाई आणि सासरे हैबती.

त्या गावात वर्षातून एक दिवस धुकं उठत असे. त्याला सूर्यभेट म्हणत. आदल्या दिवशी सगळे खांब नव्या फुलांनी सजत आणि सूर्यभेटीला सारं गाव नटूनथटून वाटेवरून फिरे.

सूर्यभेटीच्या तोंडावर हैबती मीठ आणायला डोंगर उतरून गेला आणि इकडे म्हाळसाबाईचा पाय मुरगळला. ती चुलीपाशी बसून म्हणाली, "शेवंता, यंदा दोन्ही खांबांची फुलं तूच कर. जुनी काढ, नवी लाव."

शेवंताने घरच्या खांबासाठी त्या घरच्या रीतीचं सात पदरी फूल केलं, हळदीच्या रंगाचं. मग ती काटेफूल काढायला गेली. टोकं तुटलेली, तेलाने काळं पडलेलं, कोळ्यांनी घर केलेलं. सगळं गाव उद्या हे बघणार आणि म्हणणार, आली नवी सून! तिला कसंतरीच झालं. तिने काटेफूल चुलीत घातलं आणि त्या खांबालाही तसंच सात पदरी पिवळं फूल लावलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. ती दोन फुलं बघायला माणसांची रीघ लागली. काटेफूल गेल्याचं म्हाताऱ्यांच्या ध्यानात आलं, पण कडा उन्हात लख्ख दिसत होता, भीती कुणाला वाटणार? सणापुरतं लावलं असेल, संध्याकाळी म्हाळसाबाई बदलेल, असं प्रत्येकाने धरलं आणि घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली. माणसाचं असंच असतं.

पहाटे धुकं परत आलं, नेहमीपेक्षा दाट. शेवंता भाकऱ्या थापता थापता आनंदाने म्हणाली, "आत्याबाई, आपल्या दोन्ही फुलांचं किती कौतुक झालं."

"दोन्ही?" म्हाळसाबाई म्हणाली. "आणि काटेफूल कुठं आहे?"

"चुलीत घातलं. फार ओंगळ दिसत होतं."

म्हाळसाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, तो कड्याचा खांब. काटा टोचला, की आपली माणसं पुढच्या खांबाला वळतात. आज तुझे मामंजी मीठ घेऊन यायचेत. घरचं फूल हाताला लागलं, की ते तिथंच वळतील."

"मला कुणी सांगितलंच नाही, आत्याबाई."

"आमच्यात ते सांगत नाहीत गं. पोरं रांगता रांगता शिकतात. तू बाहेरून आलेली, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. चूक माझीपण आहे."

नवं काटेफूल वाळायला तीन दिवस हवेत. सामोरं जावं, तर धुक्यात माणूस शेजारून निघून गेला तरी कळत नाही. शेवंता भाकरी तव्यावर टाकून धावली, आणि लहानपणापासूनची सवय नव्हती म्हणून दोनदा पडली. खांब सापडल्यावर तिने ते सुंदर फूल ओरबाडून काढलं. फुलाच्या जागी स्वतःचा हात ठेवला आणि कड्याच्या वाटेवर आडवी उभी राहिली.

किती वेळ गेला, कोण जाणे. धुकं तिच्या केसांत शिरलं, पापण्यांवर बसलं, आणि तिच्या कानाशी हळू आवाजात बोलू लागलं.

"मुली, मी मुद्दाम कुणाला पाडत नाही," धुकं म्हणालं. "मला डोळे नाहीत. कडा कुठं आणि अंगण कुठं, मलाही दिसत नाही. म्हणून ते काटे मला आवडायचे. त्यांना माझं अंग लागलं, की मलाही कळायचं, इथं जपायचं."

"मी ते जाळले," शेवंता म्हणाली.

"माहीत आहे. धूर माझ्यातच मिसळला."

शेवंता रडली. तिला ते काळं, तुटक्या टोकांचं फूल आठवलं, आणि आपण त्याच्याकडे फक्त डोळ्यांनी बघितलं याची तिला मनापासून लाज वाटली. हाताला मुंग्या आल्या, पण तिने तो खांबावरून काढला नाही.

मग पावलं वाजली. खांबाशी येऊन थांबली. एक म्हातारा हात चाचपडत आला आणि तिच्या बोटांवर टेकला.

"हे कसलं फूल?" हैबती स्वतःशीच म्हणाला. "गार आहे आणि थरथरतंय."

"मामंजी, मी शेवंता. इकडे वळू नका, हा कड्याचा खांब आहे."

हैबती जागच्या जागी थांबला. त्याने विचारलं, "काटे कुठं गेले?"

"मीच काढले. वाईट दिसत होते म्हणून."

म्हाताऱ्याने पाठीवरचं मीठ खाली ठेवलं आणि तो त्यावर टेकला. मग म्हणाला, "म्हणजे आज काट्याचं काम तुला करावं लागलं म्हण की."

तीन दिवस शेवंताने ते काम केलं. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत ती त्या खांबाला हात लावून उभी असे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, इकडे नको, पुढे जा. म्हाळसाबाई लंगडत लंगडत तिला भाकरी आणून देई आणि थोडा वेळ शेजारी उभी राही. चौथ्या दिवशी नवं काटेफूल वाळलं. शेवंताने ते स्वतः केलं होतं, आपली सगळी कला ओतून. एकेक सुरळी तिने सुईवर वळली होती आणि एकेक टोक कात्रीने निमुळतं केलं होतं.

त्यानंतर दर सूर्यभेटीला लोक तिचं सात पदरी फूल बघायला येत. पण वर्षाच्या बाकी सगळ्या दिवशी, धुक्यात ज्याच्या बोटाला काटा टोचे, तो बोट चोखत पुढच्या खांबाकडे वळे आणि शेवंताला दुवा देत घरी पोचे. घरात नवी सून आली, की शेवंता आधी तिचा हात धरून त्या काट्यांवर ठेवी, आणि फूल कसं करायचं ते नंतर शिकवी.

मुलांनो आणि मुलांच्या आईबापांनो, एखादी गोष्ट कुरूप का आहे हे कळल्याशिवाय तिला सुंदर करायला जाऊ नये.