रंगीत पाण्यावरचा कर

"...हा कर नसेल, तर मग पोरांना शिकवायचं कशाच्या जोरावर, अप्पा?" बसलिंगनं विचारलं.

चन्नय्या स्वामी आणि तो नदीकाठच्या मठाच्या ओट्यावर बसले होते. बसलिंग लहानपणी याच मठात राहून शिकला, पुढे मोठा अधिकारी झाला. नदीत रंगाचं पाणी सोडणाऱ्या कारखान्यांवर कर बसवायचा आणि तो पैसा शाळांना द्यायचा, ही कल्पना त्याचीच.

त्यातून काय काय झालं, ते त्यानं पुन्हा सांगितलं. मठाच्या शाळेला पक्की इमारत मिळाली. तालुक्याला कॉलेज निघालं. शिकलेली पोरं त्याच कारखान्यांत चांगल्या पगारावर लागली. गावाला बरे दिवस आले.

"सगळं खरं," स्वामी म्हणाले. "मग असा उतरल्या चेहऱ्यानं का आलास?"

बसलिंग हळूहळू बोलू लागला. मध्यंतरी कारखानदार पाणी शुद्ध करायची यंत्रं बसवायला निघाले होते. पाणी स्वच्छ झालं असतं, तर कर बंद झाला असता आणि कॉलेजचं बांधकाम अर्ध्यावर राहिलं असतं. म्हणून त्यानं कर कमी केला. यंत्रांपेक्षा कर भरणं स्वस्त पडू लागलं. यंत्रं आलीच नाहीत.

"थोड्या दिवसांपुरतं म्हणून केलं होतं, अप्पा. नंतर दर वर्षी काही ना काही बांधायचं निघत गेलं."

"मला ठाऊक होतं."

बसलिंगनं चमकून वर पाहिलं. "मग मला अडवलं का नाहीत?"

"आपल्या शाळेचं छप्पर व्हायचं होतं."

...

स्वामी उठले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी ओट्यावर ठेवलं आणि घाटाच्या पायऱ्या उतरू लागले. इथंच त्यांनी बसलिंगला पोहायला शिकवलं होतं. आता पाणी जांभळट दिसत होतं. कित्येक वर्षांत त्यात कुणी पाय घातला नव्हता.

स्वामी गुडघ्यापर्यंत आत गेले. बसलिंग बुटांसकट धावत पाण्यात शिरला आणि त्यानं त्यांचा दंड धरला.

"नका, अप्पा. अंगावर फोड येतील."

स्वामींनी हात सोडवून घेतला नाही. ते पाण्याकडेच पाहत होते.

"येऊ देत. कर आपण घेतलाय ना?"