कुमुदा ‘येते’ म्हणाली

एका राज्यात, जिथे नदी डोंगर चढून वर जाई आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे, तिथे भर दरबारात लग्न लागत होतं. नवरी कुमुदा, राजवाड्याच्या माळ्याची लेक. नवरा राजपुत्र अरिंजय. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, कुमुदेनं राजपुत्राच्या गळ्यात माळ घातली. माळ धपकन जमिनीवर पडली. मागोमाग शेला पडला, मंदील पडला. मोजड्या तेवढ्या उभ्या राहिल्या. राजपुत्र नव्हता!

भटजींच्या अक्षता मुठीतच राहिल्या. राणीसाहेब मटकन खाली बसल्या.

“कुमुदा,” रिकाम्या जागेतून आवाज आला, “मी इथंच आहे. पण मला माझे हात दिसत नाहीत.”

तेव्हा सज्ज्यावरचा भारद्वाज पक्षी बोलला. “महाराज, हा वज्रजटा चेटकिणीचा शाप. गेल्या वर्षी राजपुत्र रानात वाट चुकले, तिच्या घरी पाणी प्याले, आणि निघताना ‘येतो, आजी’ म्हणाले. तिला येतो म्हणून जो वर्षात परत जात नाही, त्याचा देह जातो. तीन दिवसांनी आवाजही जाईल.”

“अरे, पण निघताना ‘येतो’च म्हणतात!” राजा ओरडला. “‘जातो’ काय मेल्यावर म्हणायचं?”

“म्हणूनच तिच्या शापात सगळी सज्जन माणसं अडकली, महाराज. चोर न सांगता पळाले, ते सुटले.”

कुमुदेनं शालूचा पदर खोचला आणि डोंगर चढणाऱ्या नदीत नाव घातली. भारद्वाज पुढे उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती वज्रजटेच्या दारात उभी राहिली. म्हातारीच्या डोक्यावर केसांच्या जागी साप वळवळत होते.

“मला अरिंजयाचा देह हवा,” कुमुदा म्हणाली.

“तीन कामं कर, आणि ने.”

पहिलं काम, घागरभर प्रतिध्वनी आणायचा. कुमुदेनं दरीच्या काठावरून अरिंजयाला हाक मारली आणि हाक परत येताच घागरीवर झाकण ठेवलं. दुसरं काम, पायलीभर गारगोट्या दळायच्या. ओव्या म्हणत तिनं इतक्या मन लावून दळल्या की पीठ मैद्यासारखं पडलं. तिसरं काम, वज्रजटेची वेणी घालायची. कुमुदेनं एकेका सापाला तेल लावलं, हळूच विंचरलं, आणि साप सुस्तावून गुपचूप वेणीत बसले. म्हातारीचे डोळे मिटत आले होते.

वज्रजटेनं तिला चांदीची डबी दिली. “यात त्याचा देह आहे. निघ.”

भारद्वाजानं वाटभर तिच्याकडून एकच गोष्ट घोकून घेतली होती. ‘जाते’ म्हणायचं. नुसतं ‘जाते’. कुमुदा उंबरठ्यापाशी आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “येते हं, आजी.”

बोलली आणि जागीच थिजली. लहानपणापासूनची जीभ, ती का अशी ऐकते!

“अगं, काय बोललीस हे!” बाहेर पक्षी पंख आपटू लागला. “असो, वर्षाची मुदत आहे. आधी घरी चल, मग बघू.”

“अरिंजयालाही वर्षाची मुदत होती,” कुमुदा म्हणाली.

“आणि आत गेल्यावर तिनं डबी काढून घेतली तर?”

कुमुदेनं डबी मुठीत घट्ट धरली. आज घरी गेलं की लग्न, मग सण, मग पाऊसपाणी. येतो म्हणणाऱ्यांचं वर्ष असंच तर सरलं असणार. ती अंगणातूनच वळली.

वज्रजटा दाराकडे पाठ करून बसली होती. पावलं ऐकून तिनं मान वळवली नाही.

“काय राहिलं गं तुझं?”

“काही नाही राहिलं. येते म्हटलं होतं ना? आले.”

म्हातारीच्या हातातली पळी खाली पडली. ती वळली, कुमुदेकडे आ वासून बघत राहिली. शंभर वर्षांत तिच्या दारात दुसऱ्यांदा कुणी आलं नव्हतं. “खरंच आलीस?” तिनं विचारलं, पुन्हा विचारलं, आणि भोकाड पसरून रडू लागली. तशी तिची सापांची वेणी साधीसुधी, पांढऱ्या केसांची झाली.

कुमुदेच्या हातातली डबी हलकी झाली. त्याच घटकेला राज्याराज्यांतून हरवलेली माणसं आपापल्या जागी उभी राहिली. कुणी पंगतीत, कुणी बाजारात. दरबारात अरिंजय मोजड्यांत उभा होता, आणि राणीसाहेब दुसऱ्यांदा मटकन बसल्या.

वज्रजटेनं त्या दिवशी कुमुदेला जेवू घातलं. निघताना कुमुदा पुन्हा म्हणाली, “येते हं, आजी.” म्हातारी दारापर्यंत आली. शंभर वर्षं ती या शब्दाला घाबरत होती. आज तिनं कुमुदेच्या डोक्यावरून हात फिरवला.

“ये,” ती म्हणाली. “नवऱ्यालाही आण.”

कुमुदेचा शब्द खरा झाला, तसा तुमचाआमचा होवो.